हँडल कधी तुटत नाही

हँडलकाकू पळून गेल्या, ही बातमी शनिवारी सकाळी साडेआठला जिन्यात जन्मली आणि दहा वाजेपर्यंत चार इमारती हिंडून, दोन ठिकाणी चहा पिऊन, अंगाने चांगली भरून परत आली. निघाली तेव्हा नुसती "काकू बॅग घेऊन गेल्या" एवढीच होती. परतली तेव्हा तिच्याबरोबर एक मोटरसायकल होती, मोटरसायकलवर काळं जाकीट घातलेला धिप्पाड पुरुष होता आणि काकूंनी त्याच्या कमरेला घातलेली मिठीही होती. त्याच दिवशी संध्याकाळी काकू पाठीवर तीच बॅग घेऊन जिना चढताना दिसल्या, तेव्हा बातमीने जराही न लाजता कूस बदलली. "सोडून दिलं बाई त्याने! एका दिवसात!"

एकसष्ट वर्षांची बाई सकाळी पळून जाते आणि संध्याकाळी कणीक मळायला परत येते, यात कुणाला काही खटकलं नाही. बातमी चविष्ट असली की माणूस खडे मोजत बसत नाही.

काकूंना हे नाव त्यांच्या धंद्याने दिलं होतं. घड्याळवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या बोळात त्यांचं बॅगदुरुस्तीचं दुकान. दुकान एवढं की आत शिरलेल्या गिऱ्हाइकाने वळायचं म्हटलं तर दोन्ही भिंतींची परवानगी घ्यावी लागे. चेन, रनर, चाकं, कुलपं, सगळं त्या करत, पण नाव झालं ते हँडलमुळे. तुटलेलं हँडल घेऊन कुणी आलं की काकू चष्म्याच्या वरून बघत आणि ठरलेलं वाक्य टाकत. "हँडल कधी तुटत नाही. ज्याला लावलंय ते फाटतं." मग बॅग फिरवून दाखवत. हँडल ठणठणीत, भोवतालचं कापड फाटलेलं. "लेकरू उचलताना मानेला धरता का? बुडाखाली हात घालता ना? मग बॅगेने काय पाप केलंय?" असं म्हणून नायलॉनचा पट्टा बॅगेच्या तळाखालून फिरवत, दोन्ही बाजूंनी वर आणत आणि दाभणाने चौकोन शिवून चौकोनात फुली मारत. ती बॅग मग मालकाला पोचवूनच जात असे.

अशा बाईच्या आयुष्यात कॉम्प्युटरवरचे गेम आले ते समोरच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरमुळे. ही डॉक्टर पंचेचाळिशीची, दाराच्या चौकटीखालून वाकून जाणारी आणि आवाज असा की पेशंटचा दात भीतीनेच अर्धा हलावा. तिने एकदा भलीमोठी बॅग आणून काकूंच्या टेबलावर आपटली. पट्टा उसवलेला. आत काचेच्या कुशीची काळी पेटी.

"हे काय गं?"

"माझा कॉम्प्युटर, काकू. एका आड एक शनिवारी आम्ही सगळे आपापली मशीन घेऊन एका हॉलमध्ये जमतो. दिवसभर खेळतो."

"घरी बसून खेळता येत नाही?"

"येतं की. पण हरलेल्याचं तोंड बघता येत नाही."

काकूंना हे फार पटलं. शनिवारी शिवलेली बॅग पोचवायला त्या स्वतः हॉलवर गेल्या. तिथे चाळीसेक माणसं रांगेने बसून एकमेकांना पडद्यावर ठार मारत होती आणि मधूनमधून एकमेकांना केळी देत होती. एक पाववाला जेवायला उठला, त्याच्या खुर्चीत डॉक्टरने काकूंना बसवलं. दहा मिनिटांत काकू अकरा वेळा मेल्या. बाराव्या वेळी त्या एका गोदामाच्या दाराआड बसून राहिल्या. हलल्या नाहीत, डुलल्या नाहीत. सुईच्या नाकात दोरा जाईपर्यंत श्वास रोखणाऱ्या बाईला चार मिनिटं थांबणं म्हणजे काय! शत्रू आला आणि काकूंनी त्याला टिपलं. पलीकडच्या रांगेतला मास्तर ओरडला, "अरे, कोण आहे ते दारामागे?" काकूंनी हात वर केला. त्या दिवशी घरी जाताना त्यांच्या चालीत, बघणारे सांगतात, जरा फरक होता.

वर्षभरात त्यांनी एकेक भाग जमवून स्वतःचं मशीन उभं केलं. डॉक्टर, पाववाला, गणिताचा मास्तर आणि काकू असा चौघांचा संघ झाला. मागची बाजू सांभाळायची ती काकूंनी. खेळातलं नाव त्यांनी घेतलं 'टाका'. शिवणाचा टाका. या नावाने पुढे काय घोळ घातला ते ओघात येईलच.

मुलगा घरी होता तोवर मशीन तिसऱ्या मजल्यावरून खाली नेणं हे त्याचं काम. काचेच्या कुशीची पेटीच सतरा किलोची, स्क्रीन वेगळी, वायरींचं गाठोडं वेगळं. मग मुलाची बदली लांब झाली. इमारतीला लिफ्ट नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, लॅपटॉप घे ना सरळ. हलका असतो."

"तुझ्या बायकोला जड भांडी झेपत नाहीत म्हणून कागदाच्या ताटलीत जेवतोस का?"

"तिचा इथे काय संबंध?"

"तसाच लॅपटॉपचाही नाही. हे मशीन मी माझ्या हाताने जोडलंय. नेईन तर हेच नेईन."

"कुणाला तरी सांग उचलायला."

"हौस माझी आणि खांदा लोकांचा? असला उद्योग मला नाही सांगायचा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि थेट दुकान गाठलं. दुकानातलं सर्वांत भारी हँडल काढलं. जुन्या ट्रंकेचं, जाड चामड्याचं, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या. कॅबिनेटच्या डोक्यावर चार भोकं पाडली आणि चार बोल्टांनी ते असं आवळलं की हत्ती टांगावा.

इथेच काकू चुकल्या. तीस वर्षं जे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकांना ऐकवलं, ते स्वतःला ऐकवायचं राहून गेलं.

त्या शनिवारी त्या पेटी घेऊन निघाल्या. तिसऱ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत सगळं झकास. तळाकडे वळताना खट्‌ असा आवाज झाला आणि हात अचानक हलका वाटला. काकूंनी बघितलं. हातात हँडल होतं, हँडलला पेटीचं झाकण होतं आणि झाकणाखाली काही नव्हतं. जे होतं ते सहा पायऱ्या धडधडत उतरून भावजींच्या पायाशी जाऊन थांबलं होतं.

भावजी म्हणजे काकूंचे धाकटे दीर. तळमजल्यावर राहत आणि इमारतीचे सेक्रेटरी होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. ऑफिस सुटलं होतं, पण नोटीस काढायची सवय सुटली नव्हती. जिन्यात कुणी मोठ्याने शिंकलं तरी ते पेनाचं टोपण काढत. त्यांनी पायाशी पडलेल्या काचांकडे पाहिलं, वर वहिनींकडे पाहिलं आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "काय हो वहिनी, हँडलकाकूंचंच हँडल तुटलं?"

दारं उघडली. हसण्याची लाट तळापासून गच्चीपर्यंत गेली आणि परत आली. काकूंनी हातातलं हँडल झाकणासकट उंच धरलं.

"नीट बघा, भावजी. हँडल तुटलेलं नाही. पत्रा सुटलाय."

"तेच ते."

"तेच ते नाही. तीस वर्षं मी हेच सांगत आलेय."

"मग आज कुणी ऐकलं नाही?"

"मीच नाही ऐकलं," काकू म्हणाल्या आणि काचा वेचायला बसल्या. एवढ्या माणसांसमोर चूक कबूल करताना त्यांचा आवाज जरासुद्धा पडला नाही. भावजींना तीच गोष्ट लागली. समोरचा माणूस शरमेने खाली बघेल अशी वाट पाहत उभं राहावं आणि त्याने काचांसाठी सुपली मागावी, यात कसली मजा!

डॉक्टरने येऊन पेटी तपासली. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे त्या पेटीतलं सगळ्यांत जड आणि सगळ्यांत लाडकं पोर, एका स्क्रूवर लोंबकळत होतं. पंख्याचं एक पातं उडालं होतं. बाकी जीव शाबूत होता. पण त्या दिवशीची बैठक बुडाली ती बुडालीच. डॉक्टर जरा घुटमळली, मग म्हणाली, "काकू, नियम माहीत आहे ना? लागोपाठ दोन बैठका चुकल्या की खुर्ची पुढच्याला जाते. आणि रांगेत उभे आहेत नऊजण."

"आणि मशीन आपलंच लागतं."

"आपलंच लागतं. उसनं चालत नाही."

"पंधरा दिवस आहेत," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जिन्यात नोटीस लागली. 'जिन्यावरून यंत्रसामग्री, लोखंडी पेट्या व तत्सम अवजड वस्तू नेण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' निमित्त पायरीचा कोपरा उडाल्याचं होतं. तो कोपरा भावजींचाच जुना फ्रिज गच्चीवर चढवताना चार वर्षांपूर्वी उडाला होता, पण कोपऱ्याला तोंड नसतं.

काकू नोटीस वाचून भावजींच्या दाराशी गेल्या.

"माझ्यासाठी आहे का ही?"

"सगळ्यांसाठी आहे, वहिनी." भावजींनी खुर्ची पुढे केली, काकू बसल्या नाहीत. "बरं, स्पष्टच बोलतो. या वयात पोराटोरांत बसून बंदुका चालवायच्या, शोभतं का? दादा असता तर त्याला तोंड लपवायला जागा राहिली नसती."

"तुमच्या दादांना पत्त्यांत रात्र उलटायची. तेव्हा कुणी जिन्याला नोटीस नाही लावली."

"पत्ते वेगळे. लोक काय म्हणतील याचा विचार करा."

"लोकांना काहीतरी म्हणायला लागतंच, भावजी. नाहीतर जिभेला गंज चढेल. मी आपली तेल पुरवते."

"म्हणजे तुम्ही ऐकणार नाही?"

"तुमची नोटीस मी दोनदा वाचली," काकू उंबरठ्यावरून म्हणाल्या. "अक्षर छान आहे."

मग दुकानात पंधरा दिवस जे चाललं ते घड्याळवाला काच पुसायच्या मिषाने बघत होता. दुकानाच्या वरच्या फळीवर न नेलेल्या बॅगा असत. लोक दुरुस्तीला टाकतात आणि विसरतात, काही बॅगा तर काकूंच्या दुकानात म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांतली एक कडक कवचाची सूटकेस काकूंनी खाली काढली. सात वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. आधी तिची चाकं उपटली.

घड्याळवाल्याला राहवेना. "काकू, लोक बॅगेला चाकं लावून घेतात. तुम्ही काढताय?"

"घड्याळ दोरीला बांधून रस्त्यावरून फरफटत न्याल का?"

"छे!"

"मग यालाही फरफटत न्यायचं नाही. चाक म्हणजे फरशीगणिक एक हिसका. आतले स्क्रू हॉलवर पोचेपर्यंत नाचायला लागतील."

जुनी पोलादी पेटी त्यांनी भंगारात दिली. नुसते आतले भाग सूटकेसच्या खालच्या अर्ध्यात, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बसवले. वरच्या अर्ध्यात, झाकणाच्या पोटात, स्क्रीन फोममध्ये रुतवली, म्हणजे झाकण उघडलं की समोर पडदा तयार. कवचाला गोल भोकं पाडून त्यांना पिठाच्या चाळणीची जाळी लावली, मशीनला श्वास घ्यायला. की-बोर्डासाठी बाहेरून कप्पा शिवला. उरलं ते लोंबकळणारं कार्ड. काकूंनी ते चारदा बसवून बघितलं, चारदा हलवून बघितलं. प्रत्येक वेळी ते खाचेत कुरकुरलं. शेवटी त्यांनी हात कमरेवर ठेवले आणि स्वतःवरच खेकसल्या, "अगं, मानेला धरलंयस तू त्याला!" मग कार्डाच्या बुडाखालून दोन बोटं रुंदीचा पट्टा घेतला, खाली फोमची उशी दिली आणि बकल लावलं. कार्ड असं निवांत बसलं की जणू आईच्या कडेवर.

हँडल त्यांनी लावलंच नाही. हँडलकाकूंच्या बॅगेला हँडल नाही! त्याऐवजी बॅगेच्या पूर्ण तळाखालून दोन पट्टे फिरवून पाठीवर आणले, खांद्यांसाठी जाड गादी, कमरेला एक आडवा पट्टा. प्रत्येक जोडावर चौकोन आणि चौकोनात फुली. काट्यावर ठेवली तेव्हा स्क्रीनसकट बारा किलो भरली. काकू ती पाठीवर घेऊन दुकानाच्या दारात वीस वेळा उठल्या-बसल्या. झेरॉक्सवाल्याने विचारलं, "व्यायाम का?" काकू म्हणाल्या, "नाही, बंड."

आणि उजाडला तो शनिवार.

साडेआठला काकू तिसऱ्या मजल्यावरून उतरल्या. वीस वर्षांची असल्यासारख्या नाही, एकसष्टच्या असल्यासारख्याच उतरल्या. कठडा धरून, एकेक पायरी, पण पाठ ताठ. तळाशी भावजी दात घासत उभे होते. अशा वेळी ते नेहमी तळाशीच उभे असत.

"वहिनी, एवढी मोठी बॅग?"

"मोठी आहे खरी."

"काय आहे आत?"

"बायकांच्या बॅगेत काय आहे ते विचारतात का, भावजी?"

भावजी चपापले. नोटीस डोळ्यांसमोर होती, पण तिच्यात बॅग हा शब्द नव्हता. यंत्र म्हणावं तर दिसत नव्हतं, लोखंडी पेटी म्हणावं तर प्लॅस्टिकची होती. तोंडात फेस घेऊन ते एवढंच म्हणाले, "पण निघालात कुठे?"

खरं सांगितलं असतं तर बॅग तिथेच अडली असती. खोटं बोलायचा काकूंना कंटाळा. म्हणून त्यांनी तिसरी वाट धरली आणि चेष्टा केली. "कंटाळले हो तुम्हा सगळ्यांना. चालले घर सोडून!"

वर पहिल्या मजल्यावर कुणाची तरी बादली खाली पडली. पुढची सगळी बातमी त्या बादलीतून सांडली.

फाटकाबाहेर मोटरसायकल धडधडत होती. चालकाच्या डोक्यावर काळं हेल्मेट, अंगात काळं जाकीट, खांदे कपाटासारखे. काकू मागे बसल्या, बॅगेचा तळ मागच्या कॅरिअरवर टेकवला आणि पुढच्या माणसाला घट्ट धरलं. न धरून करतात काय, पाठीवर बारा किलो असताना? भावजींच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला.

वाटेत अकरा गतिरोधक लागले. काकूंनी प्रत्येकाला श्वास रोखला आणि प्रत्येकानंतर मागे हात नेऊन पट्टा चाचपला. हॉलवर पोचल्यावर त्यांनी बॅग टेबलावर आडवी ठेवली, झाकण उघडलं, वायर लावली. चौघांच्या भोवती आणखी दहाजण गोळा झाले. प्रतीक्षेतले नऊजणही त्यांत होते आणि खुर्चीकडे बघत होते. काकूंचं बोट बटणावर जरा थबकलं. मग त्यांनी ते दाबलं.

एक क्षण काहीच नाही. मग पंखे फिरले. एक पातं कमी असलेला पंखा जरा बोबडं बोलत होता, पण बोलत होता. पडदा उजळला.

"हलली नाही एक वायर!" पाववाल्याने आत डोकं घालून पाहिलं. "काकू, मला पण शिवून द्या अशी."

"रांगेत उभा राहा," काकू म्हणाल्या आणि खुर्ची ओढून तिच्यात अशा बसल्या की ती आता जप्तीवाल्यालाही हलली नसती.

खेळ सुरू झाला. दुपारपर्यंत संघ उपांत्य फेरीत पोचला. शेवटच्या डावात काकू मागच्या दाराआड दबा धरून बसलेल्या, पुढे मैदान मोकळं, आणि डॉक्टरला शत्रू काकूंच्या पाठीशी वळताना दिसला. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "टाका! टाका! मागे!" तिला म्हणायचं होतं की अहो टाका, मागे बघा. काकूंना ऐकू आलं ते 'टाकून द्या'. हातात धुराचा गोळा होता, तो त्यांनी आज्ञाधारकपणे मागे टाकला, नेमका मागे असलेल्या आपल्याच मास्तरच्या पायात. धुरात मास्तर मेला, डॉक्टर मेली, पाववाला केळं खाता खाता मेला. संघाला तिसऱ्या जागेच्या सामन्यावर समाधान मानावं लागलं. तो मात्र काकूंनी दारामागून एकहाती काढला.

"नाव बदला, काकू," मास्तर कळवळून म्हणाला.

"तू व्याकरण बदल. मोठ्यांना हाक मारताना मागे 'काकू' लावावं."

संध्याकाळी काकू परतल्या तेव्हा जिन्यात एवढी गर्दी होती की कुणी देवाघरी गेलं की काय वाटावं. मोटरसायकल त्यांना फाटकाशी सोडून भुर्रकन निघून गेली. भावजी पुढे झाले. चेहऱ्यावर काळजी होती आणि काळजीखाली उकळ्या फुटत होत्या.

"वहिनी... सोडलं का त्याने?"

काकूंनी जमलेल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळं मिटलं असतं. पण पंधरा दिवसांपूर्वी हीच मंडळी त्यांना काचा वेचताना बघून हसली होती.

"सोडलं," त्या म्हणाल्या. "पण दोन आठवड्यांनी परत न्यायला येतो म्हणालाय."

आणि पायरीचा उडालेला कोपरा चुकवून वर चढल्या.

भावजींनी रातोरात नोटिशीत 'बॅगा' हा शब्द घातला. सकाळी दुसऱ्या मजल्यावरचा फिरता विक्रेता आपली बॅग घेऊन निघाला, पहिल्या मजल्यावरची पोरगी दप्तर घेऊन निघाली, चौथ्या मजल्यावरच्या बाई बाजाराची पिशवी घेऊन निघाल्या, आणि तिघांनी भावजींच्या दाराशी उभं राहून विचारलं की आता आम्ही घर सोडून जायचं का. दुपारपर्यंत नोटीस भिंतीवर नव्हती. कुणी काढली ते कळलं नाही. भावजींच्या टाचण्या मात्र त्यांच्या दाराशी एका ओळीत ठेवलेल्या सापडल्या.

पळून जाण्याची बातमी पुढे वर्षभर चालली. काकूंनी ती खोडली नाही. खरं काय ते असं: हेल्मेटखाली दाताची डॉक्टर होती, बॅगेत कॉम्प्युटर होता आणि काकू खेळायला गेल्या होत्या.